हेच कमी औषधात जमेल का? आपल्याकडच्या चाचण्यांनी दिलेली उत्तरं

सीनाकाठ (धागाकर्ता)

वैद्यकीय संशोधनाची बातमी म्हटली की समोर येतं ते एखादं नवं औषध, परदेशातली कंपनी आणि डोळे पांढरे करणारी किंमत. अशा बातम्या मीही वाचतो. पण गेली काही वर्षं मी वेगळ्याच प्रकारचे शोधनिबंध शोधून शोधून वाचतोय. मराठीत त्यांच्याबद्दल सविस्तर असं फारसं सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतोय. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवतो. त्यामुळे औषध कसं काम करतं यापेक्षा 'ते काम करतं हे कशावरून ठरवलं' याकडे माझं लक्ष आधी जातं.

हे निबंध विचारतात तो प्रश्न साधा आहे. आज तीन डोस देतो, तेच काम एका डोसात होईल का? मोठ्या मात्रेऐवजी थोडकी मात्रा पुरेल का? डॉक्टर जिथे नाही तिथे गावातलीच शिकवलेली बाई ही तपासणी करू शकेल का? असला प्रश्न विचारण्यात कंपनीला रस नसतो, कारण उत्तर 'हो' आलं तर तिचाच माल कमी खपणार. मग तो सार्वजनिक रुग्णालयांनी आणि सरकारी किंवा देणगीच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनीच विचारायचा. त्यातले काही फार मोठे प्रश्न मुंबई, बार्शी, उस्मानाबाद इथे विचारले गेले, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

सुरुवात टाटा मेमोरियलपासून. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग आपल्याकडे किती आहे हे तंबाखू-मिश्री-गुटख्याच्या मुलखात सांगायला नको. आजार पसरलेला असला, ऑपरेशनच्या पलीकडे गेला असला की निवोलुमॅब नावाचं इंजेक्शन द्यायची पद्धत जगभर आहे. शरीराच्या लढणाऱ्या पेशींवर एक ब्रेक असतो, तो हे औषध सोडवतं. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. हा खर्च आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपणाराच नाही. पण अगदी कमी मात्रेतही पेशींवरच्या त्या जागा भरून जातात, असं औषधाच्या सुरुवातीच्या अभ्यासांतच दिसलं होतं. तो धागा धरून डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. तीन आठवड्यांचा हिशेब केला तर नेहमीच्या मात्रेचा हा अठरावा भाग. चाचणीत १५१ रुग्ण होते. एका गटाला तोंडावाटे घ्यायची तीन स्वस्त औषधं, दुसऱ्या गटाला तीच औषधं आणि वर हे २० मिलिग्रॅम. वर्षभरानंतर पहिल्या गटातले १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ४३.४ टक्के.

दुसरं उदाहरण एचपीव्ही लशीचं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे हा विषाणू असतो. २००९ साली भारतात नऊ ठिकाणी एक चाचणी सुरू झाली. त्यात मुंबई, पुणे आणि बार्शी होते. १० ते १८ वयाच्या मुलींना तीन डोस द्यायचे की दोन पुरतात, एवढंच पाहायचं होतं. २०,००० मुली घ्यायच्या होत्या, १७,७२९ झाल्या आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं. कारण वेगळ्याच एका प्रकल्पातलं होतं, त्यावर खाली चर्चा होईलच. अचानक थांबल्यामुळे जवळजवळ ५,००० मुलींना एकच डोस मिळालेला. डॉ. पार्थ बसू आणि इतर संशोधकांनी या मुलींची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त निकाल आला. विषाणूच्या १६ आणि १८ या दोन सर्वांत घातक प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात एक डोस ९५.४ टक्के परिणामकारक, दोन डोस ९३.१ आणि तीन डोस ९३.३. म्हणजे व्यवहारात फरक नाही. केनियातल्या चाचणीनेही नंतर एका डोसाला दुजोरा दिला आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्याय मान्य केला. आज कितीतरी देश मुलींना एकच डोस देतात, त्यामागे आपल्या मुलींची ही आकडेवारी आहे.

आणि तिसरं उदाहरण, ज्याच्यामुळे मी या सगळ्याच्या नादी लागलो. उस्मानाबाद जिल्हा, ५२ ग्रामसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. १९९९ पासूनची ही चाचणी. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावं चार गटांत वाटली. एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), तिसऱ्याला ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणं, चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. एचपीव्ही गटात सुमारे ३४,००० स्त्रिया होत्या, आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ दगावल्या. चौथ्या गटात सुमारे ३१,५०० स्त्रिया, मृत्यू ६४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये हे छापून आलं आणि जगभरची धोरणं बदलली. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही कुठलीही तपासणी कधीतरी झालेल्या किती निघाल्या? १.९ टक्के.

उत्तर आपल्या गावांनी दिलं आणि आपल्याच गावांत ते पोचलं नाही. मला या एका गोष्टीचा फार त्रास होतो. तुमच्या माहितीतली अशी उदाहरणं असतील, कुठल्याही आजाराची, तर लिहा. यात कुठे गडबड आहे असं वाटत असेल तर तेही लिहा.

*

अनुजा_बार्शी

धागा वाचून अंगावर काटा आला. माझ्या सासूबाई त्या ५२ पैकी एका समूहातल्या. चाचणी, गट वगैरे त्यांना आजही माहीत नाही. 'ती बार्शीची गाडी आली होती' एवढंच त्या सांगतात.

त्यांनी सांगितलेलं लिहिते. आधी बायका आल्या, घरोघर हिंडल्या, नावं-वयं लिहून घेतली. मग शाळेच्या खोलीत तपासणी. खिडक्यांना चादरी लावलेल्या. पहिल्या दिवशी कुणीच जाईना. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, हे नवऱ्यालाही न सांगणाऱ्या बायका त्या. एका म्हाताऱ्या सुईणीने पुढे होऊन तपासून घेतलं, मग इतर निघाल्या. सासूबाईंना आठवतं ते हे की तपासणाऱ्या बाई प्रत्येक गोष्ट आधी सांगत, मग करत. आता गार लागेल, आता जरा दाब वाटेल. त्यांना पाच बाळंतपणांत असं कुणी सांगितलं नव्हतं.

मी स्वतः परिचारिका आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचं सामान असतं, प्रशिक्षणही होतं, पण बाईला टेबलापर्यंत आणणारं ते 'आधी सांगणं' करायला वेळ आणि माणूस लागतं. तो भाग कुठल्याच मंजूर यादीत नसतो.

*

पायवाट

वाचतेय. एक शंका: डोळ्यांनी पाहून कर्करोग कसा कळतो?

*

अनुजा_बार्शी

पायवाट, ४-५ टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरच, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला लावायचं आणि एक मिनिट थांबायचं. जिथल्या पेशी बिघडायला लागल्यात तो भाग पांढुरका होतो, कडा स्पष्ट दिसतात. चांगला पांढरा उजेड हवा. कर्करोग होण्याच्या कितीतरी आधीची अवस्था दिसते, आणि तेव्हा उपचार दहा-पंधरा मिनिटांचा असतो. पण पाहणाऱ्याचा डोळा तयार लागतो. सूज असली, जंतुसंसर्ग असला तरी पांढरं दिसू शकतं.

*

खडकवासला७८

धागाकर्त्याचा हेतू चांगला आहे, पण चित्र जरा जास्तच उजळ रंगवलंय. दोन गोष्टी.

एक. २०१० मध्ये लसीकरण का थांबलं ते नीट सांगायला हवं. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात याच लशीचा एक वेगळा प्रकल्प चालू होता. त्यातल्या सात मुली दगावल्या. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. कुणी बुडून गेली, कुणाला साप चावला, कुणी कीटकनाशकाने. पण चौकशीत दुसरं जे निघालं ते भयंकर होतं. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर अत्यंत कडक अहवाल दिला. गरिबाच्या पोरीची संमती इतकी स्वस्त असेल तर निकाल कितीही चांगला आला तरी माझ्या पोटात खड्डा पडतो.

दोन. उस्मानाबादेत चौथ्या गटाला आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या तशाच चाचणीत तुलनेच्या गटाला तपासणी दिलीच नाही. म्हणजे काही बायका तपासायच्या आणि काही नुसत्या मोजायच्या. यावर परदेशातल्या डॉक्टरांनीही जाहीर आक्षेप घेतले होते. तुम्ही ६४ हा आकडा लिहिलात. त्या ६४ बायका आहेत.

*

सीनाकाठ

खडकवासला, दोन्ही मुद्दे या धाग्यात यायलाच हवे होते. खम्ममच्या प्रकल्पाबद्दल माझं मत तुमच्यासारखंच आहे. संमती ही कागदावरची सही नव्हे, आणि तिथे तर सहीही पालकांची नव्हती. त्याचा फटका पुढे दहा-बारा वर्षं लशीला बसला. लोकांचा विश्वास एकदा उडाला की तो आकडेवारीने परत येत नाही.

नियंत्रण गटाबद्दल, म्हणजे तपासणी न दिलेल्या तुलनेच्या गटाबद्दल, मात्र माझं मत थोडं वेगळं. त्या काळी या जिल्ह्यांत कुणालाच तपासणी मिळत नव्हती. चौथ्या गटातल्या स्त्रियांना आजाराची माहिती दिली होती, तपासणी कुठे होऊ शकते हेही सांगितलं होतं. आणि कोणती पद्धत जीव वाचवते हे तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं. गंमत नाही ही, उस्मानाबादेत पॅप तपासणी आणि ॲसिटिक ॲसिडची एक फेरी, या दोन्ही गटांत मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही. चौथा गट नसता तर सरकारने कदाचित त्याच पद्धतींची एकेक फेरी घेऊन काम झालं असं मानलं असतं. मुंबईत तीच ॲसिटिक ॲसिडची तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा फरक तुलनेशिवाय कळला नसता.

पण त्या ६४ जणींचं ऋण आहे, हे अगदी मान्य. ते फेडायचं तर निकाल लागल्यावर तपासणी गावोगाव पोचायला हवी होती. ती न पोचणं हा माझ्या मते चाचणीपेक्षा मोठा अन्याय आहे.

*

खडकवासला७८

शेवटच्या वाक्याशी सहमत. आधीच्या परिच्छेदाशी पूर्ण नाही, पण तुमचा मुद्दा कळला.

*

निवासी_डॉक्टर

कर्करोग विभागात शिकतोय, म्हणून निवोलुमॅबबद्दल थोडं. चाचणी महत्त्वाची आहे, आमच्याकडे ती रोज वापरात आहे. पण इथले वाचक घरच्या रुग्णासाठी वाचत असतील तर अपेक्षा नीट असू द्यावी. हा बरा करणारा उपचार नाही. मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेलं. काहींना खूप फायदा होतो, बऱ्याच जणांना होत नाही. शिवाय या चाचणीत कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नव्हती, 'निवोलुमॅब नाही' याच्याशी होती. म्हणजे '२० मिलिग्रॅम आणि २४० मिलिग्रॅम सारखेच' असं या निबंधातून सिद्ध होत नाही. पण ज्याला २४० परवडणारच नाहीत त्याच्यासाठी २० विरुद्ध शून्य हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर स्पष्ट आहे.

आमच्याच क्षेत्रातली आणखी दोन सांगतो. ओलान्झापिन ही मानसिक आजारांवरची जुनी गोळी केमोच्या उलट्या थांबवायला वापरतात. नेहमीची मात्रा १० मिलिग्रॅम. त्याने रुग्ण दिवसभर झोपेत असतो, जेवायला उठवावं लागतं. टाटा मेमोरियलने २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिली, २०२४ मध्ये निकाल आला. उलट्यांवरचा ताबा तेवढाच, गुंगी कितीतरी कमी. हे वाचल्यावर दुसऱ्या दिवसापासून कुठल्याही वॉर्डात करता येण्यासारखं आहे.

दुसरं डॉ. राजेंद्र बडवे यांचं. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेन टोचायचं. दात काढताना देतात तीच बधिरतेची सुई. ११ केंद्रं, सुमारे १,६०० रुग्ण. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के. ऑपरेशनच्या वेळी गाठ हलवल्याने पेशी पसरू नयेत ही त्यामागची कल्पना. खर्च नगण्य. माझे काही वरिष्ठ हे नेमाने करतात, काही म्हणतात आणखी कुणी स्वतंत्रपणे करून दाखवलं की करू. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही चूक नाही, पण इतक्या स्वस्त गोष्टीची दुसरी चाचणी करायला पैसे कोण घालणार, हा प्रश्न राहतोच.

*

माणदेशी

डॉक्टर, तुमचं '२० विरुद्ध शून्य' वाचलं आणि थांबलो. माझ्या थोरल्या भावाला जिभेचा कर्करोग होता. एका खाजगी रुग्णालयात आम्हाला सांगितलं, इंजेक्शन घ्यायचं तर पूर्ण मात्रा, नाहीतर घरी न्या. कमी मात्रेचा शब्दही काढला नाही. वहिनींनी पाटल्या मोडल्या, एक एकर विकलं, त्यात चार डोस झाले. पैसे संपले आणि उपचार थांबले. चाचणीचा निकाल तेव्हा येऊन गेला होता हे मला आज या धाग्यावर कळतंय.

भाऊ वाचला असता असं म्हणत नाही. पण जमीन वाचली असती आणि उपचार मधेच तुटले नसते.

*

निवासी_डॉक्टर

माणदेशी, वाईट वाटलं वाचून. तुमच्यासारखी वेळ कुणावर आली तर एवढं करा: सगळे कागद घेऊन दुसऱ्या ठिकाणी मत घ्या. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातली सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयं देशभर आहेत, तिथे 'कमी मात्रेची इम्युनोथेरपी' (निवोलुमॅबसारखी इंजेक्शनं) असं स्पष्ट विचारा. 'आम्हाला महिन्याला एवढेच झेपतात' हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायची लाज बाळगू नका. त्यावर उपचाराची आखणी अवलंबून असते.

*

झुळूक

कर्करोगाच्या पलीकडचं लिहिते. क्षयरोग.

झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी केलेल्या चाचणीचं नाव 'रेशन्स'. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. सगळ्या रुग्णांना सहा महिने दरमहा १० किलोचा शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. घरातल्या इतरांच्या बाबतीत दोन गट. एका गटात माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, दुसऱ्यात काही नाही. २०२३ मध्ये निकाल आला. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. थुंकीच्या तपासणीत पक्का सापडणारा, म्हणजे जो इतरांना लागतो, तो ४८ टक्क्यांनी कमी. लस नाही, गोळी नाही, डाळ-तांदूळ! आणि रुग्णांच्या बाबतीत असं दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता.

आमच्या संस्थेतर्फे मी वस्त्यांवर जाते. एका घरात वजनकाटा ठेवला, चोवीस वर्षांचा मुलगा, ३४ किलो. त्याच्या आईने मला विचारलं, 'गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या की कसं?' कारण सकाळी घरात काही नसतं. त्या गोळ्यांनी मळमळतं, पोटात आग पडते, मुलं गोळ्या सोडतात आणि रजिस्टरवर शेरा पडतो 'रुग्ण सहकार्य करत नाही'. हा शेरा वाचला की मला संताप येतो.

सरकार निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. चांगलंच आहे. पण ते पैसे रुग्णापुरते. झारखंडचा निकाल घरातल्या सगळ्यांच्या ताटाबद्दल आहे.

*

खडकवासला७८

झुळूक, हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा. पैशांऐवजी रेशन दुकानातून थेट धान्य-डाळ दिली तर?

*

झुळूक

माझा कल धान्याकडेच आहे. पैसे खात्यात यायला उशीर होतो, खातं नसतं, आधार जुळत नाही. शिवाय पैसे आले की आधी उधारी फिटते. डाळ मात्र शिजतेच. पण कामासाठी स्थलांतर करणाऱ्यांना, ऊसतोडीला जाणाऱ्यांना पैसेच सोयीचे, हेही पाहिलंय.

*

सीनाकाठ

झुळूक, मनापासून आभार. क्षयरोगात 'कमी दिवसांत' हाही मोठा बदल आहे, तो जोडतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार पूर्वी दीड-दोन वर्षं चालायचा, त्यात महिनोन्‌महिने रोज सुया. त्यातल्या कॅनामायसिनने कितीतरी जणांची श्रवणशक्ती गेली. आता बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार गोळ्या सहा महिने, सुई नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये शिफारस केली, भारताने २०२४ मध्ये मंजुरी दिली.

यातल्या बेडाक्विलिनची कथा मुंबईशी जोडलेली आहे. कॅनामायसिनने ऐकू येणं गेलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघी क्षयरोगातून उठलेल्या. मूळ पेटंट संपल्यावरही कंपनीला त्या औषधावर आणखी काही वर्षं हक्क हवा होता. या दोघींनी भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. स्वस्त गोळ्यांचा रस्ता त्यामुळे मोकळा झाला. शोध प्रयोगशाळेत लागतो, पण तो रुग्णापर्यंत आणायला असं कुणीतरी लागतं.

*

कित्तूरकर

आम्हा बेळगावकरांचंही एक घ्या. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. किती रक्त गेलं हे जगभर नजरेने ठरवत आले. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भागात मिसोप्रोस्टॉल गोळीची चाचणी केली, २००६ मध्ये 'लॅन्सेट'ला आली. बाळंतपण करणाऱ्या होत्या एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या प्रशिक्षित परिचारिका. १,६२० बायका. गोळीने रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं.

या चाचणीसाठी रक्त मोजायला म्हणून प्लॅस्टिकची एक साधी पिशवी तयार केली. कमरेखाली पसरायची, खाली निमुळती होत जाणारी, तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा. नजरेचा अंदाज पिशवीच्या मोजापेक्षा ३३ टक्के कमी भरतो, असं त्यांनीच दाखवलं. बाई धोक्यात असताना 'फार नाही गेलेलं' असं वाटत राहतं. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतली ८० रुग्णालयं, दोन लाखांवर बाळंतपणं घेऊन 'ई-मोटिव्ह' ही चाचणी झाली. त्यात रेघांच्या अशाच पिशवीने मोजायचं आणि रेघ ओलांडली की गर्भाशय चोळणं, औषधं, सलाइन, तपासणी सगळं एकदम सुरू करायचं. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू यांचं प्रमाण ६० टक्क्यांनी खाली आलं. निम्मे रक्तस्राव आधी लक्षातच येत नव्हते, ते आता ९३ टक्के येऊ लागले.

*

अनुजा_बार्शी

कित्तूरकर, +१००. आमच्याकडे अजून पॅड आणि चादर बघूनच ठरवतात. ती पिशवी मी एका प्रशिक्षणात पाहिली, नंतर मागणी लिहून दिली, यादीत नाही असं उत्तर आलं.

*

मेघदूत_

एक वेगळा सूर. 'कमीत भागवा' हेच आपलं संशोधन आहे असं म्हणू नका. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून नेक्सकार१९ ही कार-टी उपचारपद्धती केली, २०२३ मध्ये मंजूर झाली. रुग्णाच्याच पेशी काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत सोडायच्या. अमेरिकेत हे कोट्यवधी रुपयांचं, इथे काही दशलक्षांत. हेही आपलंच, आणि गरिबाला स्वस्तातलंच द्यायचं या विचारात मला धोका दिसतो.

*

सीनाकाठ

मेघदूत, नेक्सकारचा मलाही अभिमान आहे. डॉ. राहुल पुरवार यांच्या चमूने तिथेही विचारलेला प्रश्न 'हे इथे, आपल्या खर्चात होईल का' हाच होता. पण एचपीव्हीचा एक डोस गरिबासाठीचा दुय्यम पर्याय नाही. तो सगळ्यांसाठी तेवढाच चांगला निघाला, म्हणून श्रीमंत देशांनीही घेतला. २.५ मिलिग्रॅम ओलान्झापिन श्रीमंत रुग्णालाही १० पेक्षा चांगली. उपचार थोडा असूनही तेवढाच चांगला आहे, हे दाखवायचं ओझं संशोधकांवर असतं आणि या चाचण्यांनी ते उचललंय. जिथे ते दाखवलेलं नाही तिथे तुमची शंका रास्त आहे.

*

एडिंबराहून_प्राची

इकडची भर. स्कॉटलंडने २००८ पासून शाळेत एचपीव्ही लस द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासात १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत गर्भाशयमुखाचा कर्करोग एकीलाही झालेला नव्हता. ज्यांनी थोड्या मोठ्या वयात, १४ ते २२ दरम्यान घेतली, त्यांना मात्र फायदा दिसायला तीन डोस लागले. म्हणून वय महत्त्वाचं. माझ्या भाचीच्या आईला (नाशिक) मी तेच सांगतेय, दहावीपर्यंत थांबू नका. भारतात सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून आहे.

*

पायवाट

प्राचीताई, माझं वय ४४. मला लशीचा उपयोग? की आता तपासणीच?

*

अनुजा_बार्शी

पायवाट, तुमच्या वयात तपासणी. लस संसर्ग होण्याआधी काम करते, झालेला संसर्ग काढत नाही. आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात तीस वर्षांपुढच्या स्त्रियांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशी तिन्ही तपासणी व्हायला हवी, २०१६ पासून तशा सरकारी सूचना आहेत. स्तनाची हाताने तपासणी करूनच घ्या. मुंबईच्या वीस वर्षांच्या अभ्यासात शिकवलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात तसा फरक दिसला नाही, तरी गाठ लवकर सापडते.

एचपीव्ही चाचणी बहुतेक ठिकाणी पैसे देऊन करावी लागते. मागताना 'एचपीव्ही डीएनए' असं नाव सांगा, नाहीतर पॅप करून पाठवतात. संकोच वाटत असेल तर काही ठिकाणी नमुना स्वतःचा स्वतः घेता येतो, कापसाच्या काडीसारखं साधन असतं, जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत मान्य केलेली आहे. पाळीच्या दिवसांत जाऊ नका. चाचणीत विषाणू सापडला तर घाबरू नका, त्याचा अर्थ कर्करोग झाला असा नाही. पुढची तपासणी मात्र टाळायची नाही.

*

पायवाट

ठरवलं. जाऊबाईंनाही घेऊन जाते. झाली की कुठे, किती पैसे पडले ते इथे लिहीन, इतरांना उपयोग होईल.

*

सीनाकाठ

नक्की लिहा. बाकीच्यांनीही आपापल्या तालुक्यात ही तपासणी कुठे होते, कोणत्या वारी होते, ते टाकत राहा. मी त्याची यादी करून धाग्याच्या वरच्या भागात जोडत जाईन.